बिनडोक राजाचे बूट

या, जरा जवळ सरका. तिकडे सोफ्याच्या टोकाला पाहुण्यासारखं काय बसलात? आणि तो फोन आधी पालथा घाला. मी बोलायला लागले की तुमच्या माना खाली, आणि मग महिन्याभरानं विचारणार, "मावशी, तुमच्या समोरच्या त्या बिनडोक पुतळ्याची काय गोष्ट होती हो?" तेव्हाच कान उघडे ठेवले असतेत, तर मला या वयात हे सगळं पुन्हा सांगायला बसावं लागलं नसतं.

तर ऐका. बेल वाजली, मी दार उघडलं, की ते समोर उभे असायचे. पावलं दोन दिशांना फाकलेली, एक न्यूयॉर्ककडे, एक पेनसिल्व्हेनियाकडे. अंगठे पट्ट्यात अडकवलेले. पायात घोट्याच्या वरपर्यंत येणारे जाडजूड बूट, उन्हाळा असो की बर्फ. आणि ठरलेलं वाक्य:

"वहिनी, बूट काढू, की राजासारखा येऊ?"

मी काही बोलायच्या आत मागून कुमुद, त्यांची बायको, म्हणायची, "बूट काढा आणि आत या. राज्य गेलं तुमचं."

न्यूयॉर्कजवळच्या या पार्सिपनीत आम्ही आलो त्याच्या आगेमागेच ते समोरच्या घरात आले. आमच्या ह्यांचे दोस्त, म्हणून माझे भाऊजी. पुलांचे इंजिनिअर. नाव सांगत नाही. सांगितलं, तर इथल्या मराठी मंडळातली चार माणसं लगेच छाती पुढे काढून म्हणतील, "ते ना, आमचे अगदी जवळचे!" जवळचे म्हणे. ते हॉलमध्ये शिरले की हीच माणसं चहाच्या टेबलाकडे पळायची.

पळायची, यात तसा त्यांचाही फार दोष नव्हता. माणूस होताच तसा. एकच विषय. कनिष्क. मध्य आशियातून घोड्यावर आलेल्या कुशाणांचा राजा. त्याचा दोनेक हजार वर्षांपूर्वीचा तांबड्या दगडाचा पुतळा मथुरेच्या म्युझियममध्ये उभा आहे. लांब कोट, तलवार, गदा, आणि पायात हे एवढाले बूट, पावलं फाकलेली. डोकं नाही. कधीतरी कुणीतरी तोडलं. डोकं गेलं, दंड तुटले, बूट शाबूत.

लग्नानंतर ही जोडी आग्र्याला गेली होती. भाऊजींनी कुमुदला ताजमहाल अर्ध्या तासात उरकायला लावला आणि बसनं मथुरेला नेलं. ती मला सांगायची, "अगं, सगळ्या जगानं ताजमहालासमोर फोटो काढून घेतले. माझा फोटो म्युझियममध्ये. एक बिनडोक माझ्या शेजारी, आणि दुसरा कॅमेऱ्याच्या मागे."

गुढीपाडव्याचा कार्यक्रम म्हणजे भाऊजींची पर्वणी. अध्यक्ष स्टेजवर शालिवाहनानं मातीचे सैनिक कसे जिवंत केले ते रंगवून सांगत असायचे, आणि हा माणूस मागच्या रांगेत उठून उभा. पावलं फाकलेली. "ते सगळं ठीक आहे. पण शके कुणाचे, माहीत आहे का? शालिवाहन वगैरे नंतर चिकटवलंय. तुमच्या लग्नपत्रिकेवर, तुमच्या पूजेच्या संकल्पात जे शके म्हणता ना, ते या बूटवाल्याचं वर्ष आहे! बाहेरून आलेल्या माणसाचं!" पंडितांचं त्यावर अजून एकमत नाही, असं आमचे हे म्हणायचे. पण भाऊजींना एकमताची गरज कधीच नव्हती. कुणी तरी ओरडायचं, "काका, श्रीखंड गरम होतंय!" आणि लोक हसायचे. हसणाऱ्यांतला एकही जण कुठून तरी बाहेरून आलेला नव्हता, असं वाटावं इतक्या जोरात हसायचे.

रिटायर झाले आणि भाऊजींनी कुठल्याशा पाडलेल्या जुन्या पुलाचा तांबडा दगड गॅरेजमध्ये आणून टाकला. गाडी बाहेर बर्फात, दगड आत. मग सुरू झालं ठाकठूक. आम्ही विचारायचो, "काय चाललंय?" तर म्हणे, "महाराज येताहेत." अरे, आले किती वर्षांनी! आणि आले ते कसे? माझ्याइतके उंच, म्हणजे बुटकेच. कोट बाळंतिणीच्या गाऊनसारखा. तलवार म्हणून जे काही होतं त्यानं मी खुशाल पोळ्या लाटल्या असत्या. मी तोंडावर सांगितलं, "भाऊजी, डोकं करता येत नव्हतं म्हणून बिनडोक राजा निवडलात, खरं ना?" तर हसून म्हणाले, "वहिनी, डोकं नसलं तरी उभा आहे ना?"

पण बूट! बूट मात्र असे जमले होते की त्यात पाय घालून बघावा. पुलाचा माणूस तो. पाया भक्कम, वर काय वाटेल ते.

महाराजांना मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यांशेजारी जागा मिळाली. कुमुदनं ठणकावलं होतं, "खंडित मूर्ती दारात नको. भंगलेला देव पाण्यात सोडतात, त्याला घर दाखवत नाहीत." भाऊजी म्हणाले, "देव नाहीच तो. राजा आहे." झालं, दोघांचं समाधान.

आणि मग कुमुद विसरायला लागली.

आधी डाळीत मीठ. मग मुलीचा वाढदिवस. आम्ही बायका म्हणायचो, होतं गं वयानं. एके दिवशी दुपारी ती चालायला म्हणून गेली आणि परतली नाही. आमचं कॉम्प्लेक्स तुम्ही पाहिलंच आहे. सगळी घरं उकडलेल्या बटाट्याच्या रंगाची, सगळ्या दारांना तीच पायरी, तोच दिवा. बांधणाऱ्याला एकच घर सुचलं होतं बहुतेक, तेच छापत गेला. कुमुद भलत्याच घरात शिरली, दार उघडं होतं, आणि सिंकमध्ये भांडी पडलेली बघून घासायला लागली. त्या घरातल्या बाईनं पोलिसांना फोन केला. आधी भांडी घासून होऊ दिली की नाही, ते मला कळलं नाही.

भाऊजी तिला घेऊन आले तेव्हा मी पायरीवरच होते.  कुमुदच म्हणाली, "त्या बाईकडे कढया किती करपलेल्या गं."

त्याच आठवड्यात महाराज पुढच्या अंगणात आले. भाऊजींनी साखळी, कप्पी, फळ्या लावून एकट्यानं आणले. मदतीला कुणाला बोलावलं नाही. फुटपाथला लागून उभे केले, बूट रस्त्याकडे. रोज सकाळी नवराबायको कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू यायचं.

"काय दिसलं, कुमुद?"

"बूट."

"मग काय करायचं?"

"थांबायचं."

"आणि?"

"आणि तुम्हाला सांगायचं, बूट काढा."

घराचा नंबर ती विसरली. माझं नाव विसरली, मला ताई म्हणायला लागली. बूट विसरली नाही. सगळं आयुष्य त्या बुटांवरून भांडली होती ना! प्रेमाच्या गोष्टी डोक्यातून जातात हो, भांडणं घट्ट बसतात. एकटी चालायला गेली, तरी तांबडे बूट दिसले की थांबायची आणि घरात यायची.

आता नितीनची गोष्ट. नितीन म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातला, यवतमाळकडचा, आयटीवाला. पोरगा हुशार. इतका हुशार की घराचा हप्ता सुरू झाल्याबरोबर कॉम्प्लेक्सच्या असोसिएशनचा प्रेसिडेंट झाला. कुणाच्या दाराचा रंग किती गडद, कुणाचं गवत किती उंच, हे बघत फिरायचं. देशात अशा माणसाला रिकामटेकडा म्हणतात, इथं मत देऊन निवडतात. त्या उन्हाळ्यात त्याची आई सहा महिन्यांसाठी आली होती. नऊवारीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज घालून ती म्हातारी सकाळभर कॉम्प्लेक्सला फेऱ्या मारायची. करणार काय? मुलगा-सून लॅपटॉपमध्ये, नातवंडं इंग्लिशमध्ये.

एका मंगळवारी बघते तो काय, महाराजांच्या मानेच्या खुंटावर शेंदूर! पुढ्यात नारळ, झेंडूची दोन फुलं.

भाऊजी धावत बाहेर. "हे कुणी केलं?"

"म्या केलं," म्हातारी शांतपणे म्हणाली. "काहून? तुमी इतके शिकले-सवरलेले, अन् मायला असं उघडं-नागडं ठेवलं?"

"कोण माय? अहो, हा राजा आहे! कनिष्क!"

"आमाले नका शिकवू बापा. रेणुका माय थे. माहूरले मायचं मस्तक हाय, दर नवरात्रात जातो आमी. मंग धड कुठी गेलं, कोनी सांगे ना. अठी आलं थे."

भाऊजींनी डोक्याला हात लावला. "आजी, पायात बघा. बूट आहेत. देवीला बूट कसे असतील?"

म्हातारीनं त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी मी नितीनकडे बघते. "थंडी किती पडते अठी! मायनं अनवानी रायचं का?"

भाऊजी पुढे दोन दिवस टूथब्रशनं शेंदूर घासत होते. पुढच्या मंगळवारी परत शेंदूर. तोवर आणखी दोन घरचे आईवडील देशातून आले होते. त्यांनाही बातमी लागली. मी खिडकीत बसून इतकी हसले की आमचे हे विचारायला आले.

हसू फार दिवस टिकलं नाही. असोसिएशनचं पत्र आलं. पुढच्या अंगणात पुतळे ठेवायला परवानगी नाही, महिन्याअखेर हलवा, नाहीतर क्लबहाऊसमधल्या मीटिंगला येऊन म्हणणं मांडा. नितीन स्वतः सांगायला आला, तेवढी रीत होती त्याच्यात.

"काका, पर्सनली मला काहीच प्रॉब्लेम नाही. पण लोक कंप्लेंट करतात यार, हेडलेस आहे, मुलं घाबरतात. प्रॉपर्टी व्हॅल्यूचा पण इश्यू असतो ना."

"आणि त्या पलीकडच्या घरापुढची मेरीमाता?" मी विचारलं.

"काकू, ती रिलिजस आहे. रिलिजस चालतं, रूल आहे तसा." मग भाऊजींकडे बघून गोड हसला. "तुमचा तर किंग आहे ना, काका. दर पाडव्याला तुम्हीच सांगता."

तो गेल्यावर मी म्हणाले, "भाऊजी, खरं कारण सांगून टाका. कुमुदला घर सापडत नाही म्हणा. दयेनं तरी ठेवू देतील."

ते चिडले. इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा. "दया? क्लबहाऊसमध्ये तिला शेजारी बसवून सगळ्यांना सांगू, की हिचं डोकं गेलंय? तिला अजून कळतं, वहिनी. सगळं नाही, पण लोक कसे बघतात ते कळतं." मग म्हणाले, "डोकं नसलं तरी उभी आहे ना."

आता एकच होतं. महाराज गेले की कुमुदचं एकटीनं फिरणं गेलं. दाराला वरून कडी, गळ्यात पत्त्याची पाटी. हे त्यांना कळत होतं, मला कळत होतं, आणि ज्यांच्या हातात होतं त्यांना सांगायची सोय नव्हती.

मीटिंगला अख्खं कॉम्प्लेक्स लोटलं. फुकट कॉफी असली की आपल्या लोकांना नागरिकशास्त्र फार आवडतं. भाऊजी कोट घालून आले होते, शेजारी कुमुद, नव्या साडीत. नितीनची आई मागे, मांडीवर पिशवी. एका गोऱ्या बाईनं विचारलं, हा पुतळा धार्मिक आहे का? नितीननं हात पसरले. "काका, तुम्हीच सांगा. इज ही अ गॉड?" त्याच्या चेहऱ्यावर पाडव्याचं हसू. त्याला उत्तर माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. या माणसानं घरात कधी सत्यनारायण घातला नाही, मुंजीला गेला तर भटजींशी वाद घालून आला.

भाऊजी उठले. पावलं फाकली. अंगठे पट्ट्यात. खाली कुमुद त्यांच्या बुटांकडे बघत होती.

"येस," ते म्हणाले. "गॉड."

नितीनचं हसू जागच्या जागी वाळलं. गोऱ्या बाईनं लिहून घेता घेता विचारलं, कुठला गॉड?

आणि जो माणूस त्या राजावर तासभर बोलायचा, पाणी न पिता, त्याला शब्द सुचेना. म्हातारीला इंग्लिशमधला गॉड तेवढा कळला होता. मागून तिचा आवाज आला, "सांगा ना, रेणुका माय म्हनून!"

 भाऊजींनी आख्खा मध्य आशिया गिळला.

"रेणुका," ते म्हणाले.

नितीन काय करणार? आई उभी राहून प्रसादाचे पेढे वाटायला लागली होती.

बाहेर पडताना भाऊजी माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, मूळ पुतळ्याच्या कोटावर कोरलंय, देवपुत्र म्हणून. तेव्हा अगदीच खोटं नाही बोललो."

"आणि रेणुका?"

"तेवढं नाही कोरलेलं."

मग काय, देव म्हटल्यावर देवाचं सगळं करावं लागलं. आपल्याच गळ्यात बांधून घेतलेली घंटा. मंगळवारी, शुक्रवारी नारळ. नवरात्रात मंडळाच्या बायका नटून आल्या आणि मध्य आशियाच्या सम्राटाची खणानारळानं ओटी भरली. त्याच बायका, ज्यांना हा माणूस पाडव्याला नको असायचा! ओटी भरून झाल्यावर तलवारीला धरून फोटो काढले. भाऊजी पायरीवर बसून सगळं बघत होते. उचकी लागल्यासारखं एकदा तोंड उघडलं, "पण शके..." आणि मिटलं. टूथब्रश त्यांनी टाकून दिला. नारळ मात्र फोडून खाल्ले, कुमुदला खोबऱ्याची चटणी करून घातली, आणि ती चटणी इतकी तिखट असायची की देवीच कोपली असं वाटावं.

बर्फ पडला की इतर लोक आधी ड्राइव्ह-वे साफ करतात. भाऊजी आधी महाराजांचे बूट साफ करायचे. तुम्हाला वाटलं असेल भक्ती. वाटू दे.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी ते गेले. हृदय. फार वेळ घेतला नाही, एरवी कुठल्याही गोष्टीला घ्यायचे. मंडळानं शोकसभा ठेवली. "काका म्हणजे चालताबोलता ज्ञानकोश," असं तोच अध्यक्ष म्हणाला, ज्यानं त्यांना एकदाही माइक दिला नव्हता. मागे फोटो, फोटोखाली तारीख, आणि त्या तारखेत ठळक अक्षरात शालिवाहन शके! मी मागच्या रांगेत उठणार होते. गुडघ्यांनी साथ दिली नाही.

मुलगी पार दुसऱ्या किनाऱ्यावरच्या बॉथेलहून काम घेऊन इथं आली आहे, आईजवळ राहते. कुमुद आता कुणालाच ओळखत नाही. भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो दाखवला की म्हणते, "हे कोण गृहस्थ?" चेहरे सगळे पुसले गेले. समोर उभा आहे त्याला चेहराच नाही, त्यामुळे तेवढा एक ओळखीचा राहिला.

परवा बर्फ पडला. सकाळी खिडकीतून बघते तर नितीन फावडं घेऊन महाराजांचे बूट मोकळे करतोय. मी दार उघडून विचारलं, "काय रे, प्रॉपर्टी व्हॅल्यू का?" तर म्हणाला, "आईनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, काकू." कान लाल झाले होते, थंडीनं असतील. मानेच्या खुंटावर बर्फाचा गोळा बसला होता. पहिल्यांदाच महाराजांना डोकं आलं होतं. तेही वितळणारं.

इतक्यात कुमुद बाहेर आली. शाल, पायात मुलीचे बूट, उलटसुलट घातलेले. कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, परत आली. तांबडे बूट दिसल्यावर थांबली.  मग पुढे होऊन त्या गाऊनसारख्या कोटावरचा बर्फ पदरानं झटकला आणि रागावून म्हणाली,

"अहो, किती वेळ बाहेर उभे राहणार? बूट काढा आणि आत या."

दार उघडं ठेवून ती आत गेली. ते दार कितीतरी वेळ उघडंच होतं. नितीनला मी हातानं खूण केली, लावू नकोस म्हणून.

तर हे असं आहे. आता मान वर करा आणि नीट ऐका. पुढच्या शनिवारी या. कुमुदला माणसं आवडतात, ओळखत नसली तरी. घर शोधायला फोनमधला नकाशा नको, इथं सगळी घरं एकसारखीच दाखवतो तो. बूट दिसले की थांबायचं, समोरचं दार माझं. तुमचे बूट मात्र बाहेर काढा. आणि लवकर या बरं का. कढी करते.